दर्शनी भिंत आणि आतली वही

जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी मुलखातील बाजारपेठेत जुन्या घडणीचे एखादे दुकान अजूनही दृष्टीस पडते. समोर ओटा, लाकडी खांब, खाचेत बसवलेल्या फळ्या. सकाळी त्या फळ्या एकेक करून काढायच्या आणि दिवेलागणीनंतर पुन्हा ओळीने लावायच्या. आत बैठकीवर पांढरी गादी, पाठीशी तक्क्या, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी आणि लाल कापडात बांधलेली वही. दुकानावर नावाची पाटी असली तर असली, नसली तरी कोणाचे अडत नसे. नागली, वरई किंवा खुरासणी घेऊन पाड्यावरून येणारा शेतकरी पाटी वाचून दुकानात शिरत नसे. तो दुकानदाराला ओळखत असे, दुकानदाराच्या वडिलांना त्याचे वडील ओळखत असत, आणि तेवढी ओळख व्यवहाराला पुरेशी होती.

त्याच जव्हारला मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा आहे. दगडी, देखणा, दुरून नजरेत भरणारा. राजाला आपले वैभव प्रजेला आणि पाहुण्यांना दाखवावे लागते, म्हणून राजवाड्याला शोभिवंत दर्शनी भाग असतो. १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, राजवाडा राहिला. व्यापाऱ्याची रीत याहून निराळी होती. ज्याचे गिऱ्हाईक घरोब्याचे, त्याला दर्शनी भिंतीची गरज पडत नव्हती. किंबहुना भिंतीवर फार खर्च करणारा व्यापारी शहाण्या माणसांच्या मनात शंकाच उत्पन्न करी.

मग मुंबईच्या फोर्ट भागात व्यापारी संस्थांनी आपल्या इमारतींवर हत्ती, देवता, घड्याळे आणि उठावशिल्पे का कोरून घेतली? जो पैसा त्यांनी नफ्यात वाटला असता, तो दगडात का घातला? या प्रश्नाचे उत्तर तेथील एका इमारतीच्या इतिहासात चांगले सापडते. सर फिरोजशहा मेहता रोडवरील ही इमारत म्हणजे लक्ष्मी इन्शुरन्स बिल्डिंग. आजच्या काचेच्या मनोऱ्यांपुढे ती लहानच वाटते. परंतु तिच्या दर्शनी भिंतीमागे या देशातील सामान्य गृहस्थाच्या बचतीची एक मोठी कथा दडलेली आहे.

ती कथा समजण्यासाठी आधी पेढीकडे वळले पाहिजे. जैन समाजातील अनेक घराण्यांचा व्यापार पिढ्यानपिढ्या पेढीवरूनच चालत आला. पेढीचा सगळा भार वहीवर असे. रोजमेळात त्या दिवसाचा जमाखर्च, खतावणीत प्रत्येकाचे खाते. परगावी निघालेला माणूस कमरेला रोकड बांधून नेण्याऐवजी हुंडी घेऊन जाई. हुंडीचे मुख्य प्रकार दोन. दाखवताच जिचे पैसे मिळतात ती दर्शनी हुंडी, आणि ठरलेले दिवस भरल्यावर जिचे पैसे मिळतात ती मुदती हुंडी. दर्शनी हुंडीत विश्वासाची परीक्षा तिथल्या तिथे होते. मुदती हुंडीत मात्र लिहून देणारा त्या दिवसापर्यंत टिकला पाहिजे, त्याची नियत टिकली पाहिजे आणि त्याची ऐपतही टिकली पाहिजे. म्हणून मुदती हुंडी घेणारा माणूस अधिक चौकशी करी. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला समभागांचे दलाल जमत, ते टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली. त्यांच्या बाजाराला भिंतही नव्हती आणि छप्परही नव्हते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशावर शेकडो कल्पना आणि कंपन्या उभ्या राहिल्या. त्या काळचे सर्वांत नामांकित दलाल प्रेमचंद रायचंद हे सुरतेच्या जैन घराण्यातले. त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी असंख्य सौदे बुडाले. सरकारी भांडवल असलेली जुनी बँक ऑफ बाँबेसुद्धा त्या तडाख्यातून सावरली नाही. १८६८ साली ती गुंडाळावी लागली. वडाखालच्या दलालांनी मात्र १८७५ मध्ये आपली संघटना बांधली आणि तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून नावारूपाला आली. भक्कम इमारतीतली बँक बुडाली आणि झाडाखालचा बाजार टिकला, ही त्या दशकाची शिकवण होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीच्या चळवळीने भारतीयांच्या मालकीच्या बँका आणि विमा कंपन्यांना जोर आला. बँक ऑफ इंडिया १९०६ ची, सेंट्रल बँक १९११ ची. परंतु त्याच लाटेत कच्च्या पायाच्या अनेक बँकाही निघाल्या. १९०६ साली मुंबईत स्थापन झालेली इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात गुंतली आणि १९१३ च्या नोव्हेंबरात तिचे दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी लाहोरची पीपल्स बँक ऑफ इंडिया बंद पडली. १९१३ ते १९१८ या सहा वर्षांत देशात ९४ बँका बुडाल्या. त्यांतील ठेवीदार कोण होते? कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार, विधवा. पेढीवर ज्यांची ओळख नव्हती आणि ज्यांनी छापील जाहिरात वाचून किंवा कोणाच्या सांगण्यावरून पैसे ठेवले होते, अशी माणसे.

येथे एक मोठा बदल झाला होता. पेढी ओळखीच्या माणसाचा पैसा घेत असे. कंपनी अनोळखी माणसाचा पैसा घेत होती. साताऱ्याचा शिक्षक मुंबईच्या संचालकाला कधी भेटणार नव्हता. लाहोरचा व्यवस्थापक सोलापूरच्या विमेदाराचे तोंड कधी पाहणार नव्हता. ओळखीची जागा कशाने तरी भरून काढणे भाग होते. विमा कंपन्यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच मोठी होती, कारण विम्याचा करार म्हणजे वीस-तीस वर्षांची मुदती हुंडी. पैसे भरणारा आज भरतो. मिळायचे ते त्याच्या वृद्धापकाळी किंवा त्याच्या मागे त्याच्या पत्नीला आणि मुलांना. हुंडी वटवण्याच्या दिवशी घेणारा कदाचित या जगातच नसतो. जगातील व्यवहारांत यापेक्षा अधिक विश्वासाचा व्यवहार सापडणे कठीण.

अशा पार्श्वभूमीवर १९२४ साली लाहोर येथे लक्ष्मी इन्शुरन्स कंपनी स्थापन झाली. तिच्या उभारणीत लाला लजपतराय आणि पंडित मोतीलाल नेहरू यांच्यासारखी राष्ट्रीय चळवळीतील माणसे होती. अग्रवाल जैन घराण्यात जन्मलेल्या लालाजींनी पंजाब नॅशनल बँकेच्या स्थापनेतही भाग घेतला होता. देशी पैसा देशी हातांत राहिला पाहिजे, असे त्यांचे मत होते. या मताला अनुभवाचा आधार होता. एकोणिसाव्या शतकात येथे धंदा करणाऱ्या विलायती विमा कंपन्या भारतीय माणसाचे आयुष्य कमी भरवशाचे धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. लक्ष्मी कंपनीच्या कारभाराची धुरा पंडित के. संतानम यांनी वाहिली. मूळचे तमिळ असलेले हे गृहस्थ जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीचे चिटणीस होते. म्हणजे या कंपनीला नावलौकिकाची उणीव नव्हती. तरीही मुंबईच्या गर्दीत लाहोरची कंपनी ही परकीच. लालाजी १९२८ मध्ये निवर्तले होते. ज्यांच्या नावावर पहिले विमेदार आले, ते आता पाठीशी नव्हते.

१९३८ साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या लक्ष्मी इन्शुरन्स बिल्डिंगचा आराखडा मास्टर, साठे आणि भुता या भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने केला. त्या काळी मुंबईत आर्ट डेको शैलीचे दिवस होते. १९२५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनानंतर जगभर पसरलेल्या या शैलीत सरळ उभ्या रेषा, साधी भौमितिक घडण आणि निवडक ठिकाणी ठसठशीत शिल्पकाम असे. सिमेंट काँक्रीटच्या नव्या बांधणीला ती शोभून दिसे. या भारतीय वास्तुविशारदांनी परदेशी शैलीच्या अंगावर देशी अलंकार चढवले. लक्ष्मी बिल्डिंगला घड्याळाचा मनोरा, मनोऱ्याच्या माथ्यावर लक्ष्मीची ब्राँझची मूर्ती आणि दर्शनी भागावर हत्ती. गजलक्ष्मीचे हे रूप घराघरांत ओळखीचे. रस्त्याने जाणाऱ्या गुमास्त्याला इंग्रजी पाटी वाचता आली नाही, तरी वर पाहताच संस्थेचे नाव कळावे, अशी ही योजना होती.

या भागातली ती एकटी इमारत नव्हे. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी स्थापन केलेल्या न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स कंपनीची इमारत जवळच १९३६ साली उभी राहिली. वास्तुविशारद तेच. तिच्या भिंतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी शेतकरी, कुंभार, विणकर यांसारखी कष्टकरी माणसे कोरली. एका इमारतीने देवता निवडली, दुसरीने कष्टकरी निवडले. बोलणे मात्र दोन्हींचे एकच. ‘आम्ही येथलेच आहोत, तुमच्यासारखेच आहोत आणि तुमच्या नातवंडांच्या काळातही येथेच असणार आहोत,’ असे त्या भिंती अनोळखी माणसाला सांगत होत्या. पेढीवरची ओळख त्यांनी दगडात भाषांतरित केली होती. लक्ष्मीच्या मनोऱ्यावरचे घड्याळही या अर्थाने बोलके आहे. विम्याचा सारा व्यवहार तारखेवर चालतो. हप्ता तारखेला भरायचा आणि मुदत पुरी होताच कंपनीने रक्कम द्यायची.

या खर्चाला वेडेपणा म्हणता येणार नाही. ज्या संस्थेने जमिनीत आणि दगडात एवढी रक्कम घातली आहे, ती एका रात्रीत गाशा गुंडाळून जाणार नाही, असे लोकांना वाटे आणि त्यात तथ्यही होते. शिवाय इमारत ही कंपनीची मत्ताच असते. तिचे भाडे येते, तिची किंमत वाढते. परंतु भिंतीला एक मर्यादा आहे. ती जे सांगते ते दर्शनी हुंडीसारखे, पाहताक्षणी. विमेदाराला मात्र मुदती हुंडीची खात्री हवी असते. हप्त्यांचा पैसा कोठे गुंतवला आहे, पुढील वीस वर्षांतील देण्यांसाठी पुरेसा साठा आहे काय, संचालकांनी स्वतःच्याच धंद्यांना कर्जे दिली आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे हत्ती देऊ शकत नाहीत आणि लक्ष्मीही देऊ शकत नाही. ती उत्तरे वहीत असतात.

योगायोग असा की ज्या १९३८ साली ही भिंत पूर्ण झाली, त्याच साली वही तपासण्याचा कायदाही झाला. देशात विमा कंपन्यांची संख्या ४४ वरून १७६ वर गेली होती आणि चालू विम्याची रक्कम २२ कोटी ४४ लाखांवरून २९८ कोटी रुपयांपर्यंत चढली होती. एवढ्या पैशाला केवळ संचालकांच्या सज्जनपणावर सोडणे शक्य नव्हते. १९३८ चा विमा कायदा १ जुलै १९३९ पासून अमलात आला. आयुर्विमा कंपनीने आपल्या निधीचा निम्म्याहून अधिक भाग सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवला पाहिजे, रिझर्व्ह बँकेकडे अनामत ठेवली पाहिजे, विमागणितज्ज्ञाकडून ठरावीक काळाने आपल्या देण्यांचे मूल्यमापन करून घेतले पाहिजे, अशी बंधने आली. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने घड्याळाचा मनोरा पाहिला. कायद्याची ही कलमे त्याने पाहिली नाहीत. त्याच्या विधवेला पुढे मिळणारे पैसे मात्र त्या कलमांवर अधिक अवलंबून होते.

पुढे १९४७ साली फाळणी झाली. मुख्य कार्यालय लाहोरला असलेल्या कंपनीवर हा घाव मुळावरचाच होता. कंपनीला लाहोर सोडावे लागले. तेथील तिच्या इमारतीवरून पडलेले चौकाचे नाव मात्र तसेच राहिले. आजही लाहोरात लक्ष्मी चौक प्रसिद्ध आहे. ज्यांनी ती इमारत बांधली ते गेले, ज्यांच्यासाठी ती मूर्ती होती तेही गेले, आणि देवतेचे नाव परमुलखातील वाटसरूंच्या तोंडी राहिले. इमारत संस्थेपेक्षा जास्त काळ टिकू शकते. पण टिकलेली इमारत म्हणजे टिकलेला विश्वास नव्हे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतरही विमा क्षेत्रातील दुखणे संपले नाही. १९३८ चा कायदा असूनही काही कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा आपल्या इतर उद्योगांत वळवत होते. मूळच्या लाहोरच्याच भारत इन्शुरन्स कंपनीतून दोन कोटींहून अधिक रुपये नाहीसे झाल्याचे उघड झाले आणि डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत त्या प्रकरणाची चिरफाड केली. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९ जानेवारी १९५६ रोजी राष्ट्रपतींच्या वटहुकुमाने आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि त्याच रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून तो निर्णय देशाला सांगितला. बातमी आधी फुटली असती तर वह्यांत आणि तिजोऱ्यांत फेरफार करायला वेळ मिळाला असता, म्हणून कमालीची गुप्तता पाळली होती. हा निर्णय घेणारे देशमुख मुंबईच्या प्रश्नावरून जुलैमध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्य निर्वाह संस्था, अशा २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. लक्ष्मी कंपनी त्यांतलीच एक.

विमेदाराच्या दृष्टीने काय बदलले? त्याची पॉलिसी तीच, हप्ताही तोच. परंतु महामंडळाच्या कायद्यातील ३७ व्या कलमाने त्याच्या रकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला केंद्र सरकारची हमी मिळाली. जे वचन हत्तींनी आणि लक्ष्मीने दगडातून दिले होते, ते आता कायद्याच्या एका ओळीत आले. इमारतीचे नाव आजही लक्ष्मी बिल्डिंग आहे, पण तिच्या दर्शनी भिंतीवर आता कोणाच्या वृद्धापकाळाची जबाबदारी उरलेली नाही. म्हणूनच ती निर्धास्तपणे सुंदर दिसते.

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ओवाटोना नावाचे एक लहान गाव आहे. आजूबाजूला शेती आणि दुभती जनावरे. तेथील नॅशनल फार्मर्स बँकेचे एक चालक कार्ल बेनेट यांनी लुई सलिव्हन या थोर वास्तुविशारदाचा लेख वाचला आणि आपल्या गावच्या बँकेचे काम त्यांच्याकडे सोपवले. १९०८ साली उभी राहिलेली ही चौकोनी, विटांची इमारत आकाराने लहान. पण तिच्या प्रचंड कमानी, रंगीत काचा, हिरव्या मातीच्या भाजलेल्या नक्षीचे पट्टे आणि आतले सोनेरी रंगकाम पाहण्यासाठी आजही दुरून लोक येतात. ग्रीक देवळासारखी भेदरवणारी बँक नको, शेतकऱ्याला आपली वाटेल अशी बँक हवी, हा बेनेट यांचा हेतू होता. भिंतीवर गाईगुरांची आणि सुगीची चित्रे काढली गेली ती त्याचसाठी. हेतू शुद्ध होता, कलाकार थोर होता.

परंतु पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव पडले, शेतकऱ्यांची कर्जे थकली आणि १९२६ साली ती बँक बुडाली. सलिव्हन त्याआधी दोन वर्षे, १९२४ मध्ये, शिकागोत जवळजवळ निष्कांचन अवस्थेत वारले होते. इमारत मात्र आजही उभी आहे, आणि दुसऱ्या नावाने तेथे बँकेचाच व्यवहार चालतो. तेथे कोणी फसवणूक केली नव्हती. तरीही ठेवीदार अडचणीत आले, कारण सुंदर भिंत कर्जवसुली करू शकत नाही. पुढे मंदीच्या काळात अमेरिकेत हजारो बँका कोसळल्या, तेव्हा १९३३ साली तेथे ठेवींचा विमा काढण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. त्या वेळी प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे.

या जुन्या कथेचा आजच्या संसाराशी संबंध आहे, तो येथे. तालुक्याच्या गावी नव्या पतसंस्थेची शाखा उघडते. संगमरवरी फरशी, काचेचे दार, थंड हवा, गळ्यात टाय बांधलेले तरुण कर्मचारी आणि बँकेपेक्षा दोन टक्के अधिक व्याजाचा फलक. निवृत्त झालेला शिक्षक आपली ग्रॅच्युइटी घेऊन तेथे जातो. दुकानाचा व्याप मुलावर सोपवलेला व्यापारी आपली शिल्लक तेथे ठेवतो. मुलीच्या लग्नाची रक्कम तेथे जाते. संगमरवर पाहून मनाला जो धीर वाटतो, तो खोटा नसतो. पण तो दर्शनी असतो, आणि ठेव मात्र मुदती असते.

म्हणून काही प्रश्न भिंतीपलीकडे जाऊन विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा की ही संस्था बँक आहे की पतसंस्था? रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावाचून कोणालाही आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द लावता येत नाही. व्यापारी बँका आणि सहकारी बँका यांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. सहकारी पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनाही हा फरक ठाऊक नसतो आणि तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. याचा अर्थ सगळ्या पतसंस्था वाईट असा मुळीच नाही. गावोगावच्या अनेक पतसंस्थांनी छोट्या माणसाला सावकाराच्या दारातून सोडवले आहे. परंतु जेथे विम्याचे छत्र नाही, तेथे चौकशी दुप्पट झाली पाहिजे.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. पाच लाखांचे संरक्षण हे एका ठेवीदाराला एका बँकेत मिळून असते आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरले जाते. त्याच बँकेच्या चार शाखांत स्वतःच्या नावे चार ठेवी ठेवल्या, तरी बेरीज एकच होते. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. पण पाच लाखांवरची रक्कम बँकेच्या वसुलीवर अवलंबून राहते. तेव्हा आयुष्यभराची सगळी शिल्लक एकाच दाराआड ठेवणे शहाणपणाचे नाही.

तिसरा प्रश्न वहीचा. सहकारी संस्थेच्या लेखापरीक्षणात तिला अ, ब, क किंवा ड असा वर्ग मिळतो. तो वर्ग विचारण्यात संकोच नसावा. वार्षिक अहवालात थकबाकी किती आहे, ती गेल्या तीन वर्षांत वाढते आहे की घटते आहे, मोजक्या दोन-चार कर्जदारांकडेच मोठी रक्कम अडकली आहे काय, संचालकांना व त्यांच्या नातलगांना किती कर्ज दिले आहे, हे पाहावे. अहवाल मागणे हा सभासदाचा हक्क आहे आणि वार्षिक सभेला जाणे हे त्याचे कर्तव्य. सभेत अल्पोपाहारावर चर्चा होते, ताळेबंदावर होत नाही, ही आपल्या समाजातील जुनी उणीव आहे. इतरांपेक्षा अधिक व्याज कोणी देत असेल, तर ते कोठून देणार हा प्रश्न पेढीवरच्या आजोबांनी सर्वांत आधी विचारला असता. शेवटी, प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव नोंदवलेले आहे ना आणि पावती कोठे ठेवली आहे हे घरातील स्त्रियांना ठाऊक आहे ना, हेही पाहावे. मुदत पुरी होण्याच्या दिवशी पावती हातात धरणारी व्यक्ती बहुधा तीच असते.

फिरोजशहा मेहता रोडवरून जाताना क्षणभर थांबून वर पाहावे. घड्याळाचा मनोरा, हत्ती, देवता. ज्यांनी ही भिंत उभारली, त्यांना अनोळखी माणसाचा विश्वास मिळवायचा होता आणि त्यासाठी त्यांनी आपल्या काळातील उत्तम वास्तुविशारद गाठले. या कामाचा आदर केलाच पाहिजे आणि अशा इमारती जपल्याही पाहिजेत. मात्र पैसा ठेवताना नजर खाली आणून आत जावे. जव्हारच्या बाजारात फळ्यांच्या दुकानासमोर उभा राहून शेतकरी जे म्हणत असे, तेच संगमरवरी दालनातही म्हणावे: ‘शेठ, माझं खातं काढून दाखवा.’ भला व्यापारी त्या मागणीने कधी रागावत नसे. तो तक्क्या सारून पुढे येई, लाल कापड सोडी आणि वही उघडून गिऱ्हाइकासमोर धरी.